भेव नसलेली गाडी

कोंढा ते पवनी या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारे डायवर पुष्कळ झाले, पण भैयाजीएवढा भित्रा डायवर काही दुसरा झाला नाही. ही गोष्ट कोणी त्याच्या पाठीमागं बोलत नसे. त्याच्याच जीपमध्ये, त्याच्याच मागच्या सीटवर बसून लोक बोलायचे, आणि भैयाजीला त्याचा राग यायचा नाही. समोर बैलबंडी दिसली की हा इतका हळू व्हायचा की बैलांनाच संकोच वाटावा. वासरू दिसलं, हळू. सायकलवरच्या शाळेच्या पोरी दिसल्या, हळू. पानठेल्यावर कोणी दारू पिऊन नुसता उभा दिसला तरी याचा पाय ब्रेकवर, कारण उभा माणूस कधी आडवा येईल याचा काय नेम? कॉलेजची पोरं म्हणायची, भैयाजीच्या गाडीनं लग्नाला निघालं तर बारशाला पोचता येतं.

पण घरात बाळंतीण असली, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असलं, नवी नवरी सासरी धाडायची असली, की पहिली हाक भैयाजीला. तान्हं लेकरू कडेवर घेतलेल्या बाया रिकाम्या गाड्या समोरून जाऊ द्यायच्या आणि भैयाजीच्या जीपची वाट पाहत फाट्यावर उभ्या राहायच्या. जन्म गेला त्याचा या रस्त्यावर, पण त्याच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नाही. कोणी चिडवलंच तर तो एवढंच म्हणायचा, "खालचा ब्रेक कोणताबी मेकॅनिक बसवून देते. वरचा ब्रेक भेवाचा आहे. ज्या डायवरले भेव नाई, त्याच्या गाडीत आपली माणसं बसवू नये."

आणि गंमत बघा, असा हा सगळ्या जगाला भिणारा माणूस एका जागी मात्र कधी भ्यायला नाही. ती जागा म्हणजे रस्त्यावर पसरलेलं धान.

दिवाळीच्या मागेपुढे धान कापून झालं की या भागात ज्यांचं थोडकं धान असतं ते मळणीयंत्राच्या नादी लागत नाहीत. धानाच्या पेंढ्या सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात, दोन्ही टोकांना दगड ठेवतात, आणि गाड्यांची वाट पाहतात. जीप, ट्रॅक्टर, एसटी, जे येईल ते पेंढ्यांवरून जातं, दाणा सुटून खाली पडतो, वर तणस राहतं. रस्ता म्हणजे फुकटचं खळं. त्यात वरून जाणं हा डायवरचा धर्म. बाजूनं गाडी काढून नेणाऱ्याला लोक चढेल म्हणतात. भैयाजीच्या आज्यानं बैल फिरवून धान मळलं होतं, भैयाजी जीप फिरवायचा. एखादी म्हातारी "एक डाव आणखी घे रे बाबू" म्हणाली, तर भरल्या गाडीनं मागे येऊन पुन्हा वरून जायचा. तेव्हा तो ना हळू व्हायचा, ना वाकून पाहायचा. पाहायचं कशाला? त्याच्या जीपच्या सायलेन्सरला जुनं भोक होतं. गाडी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर चढली की तिकडं शेतात आवाज जायचा, आणि शेळ्या, कोंबड्या, माणसं, सगळी आपोआप बाजूला व्हायची.

त्याची बायको उषाबाई तर घरात बसून सांगायची, आता पुलावर आले, आता वडापाशी आले. त्या आवाजावर ती भाकरी तव्यावर टाकायची. नवरा दारात आणि भाकर ताटात, असा तिचा हिशेब होता.

यांचा एकुलता मुलगा मंगेश पुण्याला. त्याचं काम काय, हे भैयाजीला फार दिवस नीट समजलं नव्हतं. गाड्यांच्या कंपनीत आहे म्हटल्यावर त्याला वाटलं, पाने-बोल्टू आवळत असेल. तर नाही. अजून जन्माला न आलेल्या गाड्यांची चित्रं काढायची, हे पोराचं काम. यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर गावात नाटक-दुकानं भरतात त्या जत्रेला, तो बायको रीनासह आला तो नव्या बॅटरीच्या गाडीतून. पांढरी, गुळगुळीत, आणि आवाज म्हणाल तर शून्य.

पहिला हिसका बसला तो उषाबाईला. ती अंगणात शेणाचा सडा टाकत होती, आणि मंगेश गाडी मागे घेत होता. पाठीमागं काहीतरी आहे असं वाटून तिनं वळून पाहिलं तर गाडी पाठीशी टेकायला आलेली. हातातली बादली तिथंच पडली. मंगेश धावत आला, म्हणाला मी कॅमेऱ्यात तुला पाहत होतो, गाडीही तुला पाहत होती. उषाबाईचा जीव काही थाऱ्यावर येईना.

"ते मले पाहत असन, पण मले ते कसं कळन?" ती म्हणाली. "सापबी सळसळ करते बापू. तुह्या बाबाची गाडी आली का मुडदाबी उठून बाजूले होते. असं गुपचूप येणं चांगलं नाई."

भैयाजीनं मान डोलावली. पण त्याची खरी परीक्षा दुपारी झाली. मंगेशनं ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि हौसेनं बापाला आपली चित्रं दाखवायला लागला. आता मुलगा दाखवतो म्हटल्यावर भैयाजी चष्मा लावून जवळ सरकला. सरकला आणि फसला.

पहिल्या चित्रातली गाडी भोपळ्यासारखी गोल होती. तिला तोंड नव्हतं. म्हणजे दिवे नाहीत, बोनेट नाही, पुढं कुठलं आणि मागं कुठलं काही पत्ता नाही. मंगेश म्हणाला, पुढं-मागं लागतच नाही, ती दोन्हीकडं जाते. दुसऱ्या चित्रात गाडीचं पोट उघडून दाखवलं होतं. आत माणसं एकमेकांसमोर बसलेली, एक बाई झोपलेली, एक म्हातारा जेवतो आहे. भैयाजीनं चित्र डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग विचारलं, डायवर कुठं आहे? डायवर नाहीच, मंगेश म्हणाला. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, पायाखाली काहीच नाही. हाक मारली की गाडी स्वतः येईल, उतरलं की स्वतः निघून जाईल. आणखी शंभर-दोनशे वर्षांनी तर काचाही नसतील, भिंतीवर जे पाहायचं ते दिसेल, आणि गाडी चालते आहे हे आतल्या माणसाला कळणारही नाही.

मंगेशचे डोळे चमकत होते. भैयाजी एकामागून एक विचारत सुटला. दसऱ्याला हार कुठं घालायचा? लिंबू-मिरची कुठं बांधायची? म्हातारीचं पोतं टपावर कोण चढवणार? मध्येच कोणाला मळमळलं तर "जरा थांबव जी" हे सांगायचं कोणाला? रस्त्यात हात दाखवून कोणी उभं असलं तर तो आपला, तो परका, हे त्या भोपळ्याला कसं कळणार? आणि चूक झाली तर शिव्या कोणाला द्यायच्या? मंगेश हसत हसत उत्तरं देत होता, आणि आतून चहा घेऊन येता येता रीनाही हसत होती. शेवटी भैयाजीनं चष्मा काढला.

"एक सांग," तो म्हणाला. "तिले भेव लागते का?"

मंगेश म्हणाला, "नाई बाबा. भेव नाई. म्हणून तं तिच्या हातून चूक होणार नाई."

झालं. त्या दिवशी भैयाजी जेवला नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या गाडीत माणसं बसवू नयेत, हे आयुष्यभर सांगत आलेला माणूस, आणि त्याच्याच पोटचा पोरगा नेमक्या तशाच गाड्या काढत बसलेला. त्याच्या डोळ्यांपुढून ते चित्र हलेना. तोंड नसलेल्या गाड्यांची रांगच्या रांग पवनीच्या रस्त्यानं वाहते आहे, आत कोणी जागं नाही, कोणी बाहेर पाहत नाही. आणि कडेला तो आणि उषाबाई हात वर करून उभे आहेत. उषाबाई आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायचं आहे, आणि एकही गाडी हळू होत नाही. भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तेवढे दिवस का आपण जगणार आहो?" पण तिचाही चेहरा उतरला होता, हे त्यानं पाहिलं.

मंगेशच्या मनात आणखी एक होतं, ते त्यानं हळूच काढलं. बाबांनी आता जीप सोडावी. जीप म्हातारी झाली, बाबा म्हातारे झाले, उगाच कोणाला लागलं-झालं तर जन्मभराचं नाव जाईल. भैयाजी उठून अंगणात गेला. त्याचीही तीच भीती होती, फक्त मुलाच्या तोंडून ती ऐकायची त्याची तयारी नव्हती.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी उषाबाईचं अंग मोडून आलं. कणकण होती, डोळे लाल. पण नहराच्या पलीकडं त्यांच्या शेतालगत रस्त्यावर तिनं वासाच्या धानाच्या पेंढ्या पसरल्या होत्या. पाहुण्यांना मंडईला तोच भात घालायचा, हा तिचा नेम. तिथं कोणी बसलं नाही तर शेळ्या धान खाऊन टाकतील. रीना म्हणाली मी बसते. उषाबाई म्हणाली, तुले शेळी ओळखन का? भैयाजीनंही घरी राहायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. जरा वेळ उन्हात बसते, बरं वाटेल, म्हणाली, आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाली. जाता जाता विचारलं, जीप आज येते ना? जीप पवनीला मेकॅनिककडं पडली होती, क्लच गेला होता. मंगेश आणि भैयाजी तीच आणायला निघाले होते. येते, भैयाजी म्हणाला. मग पेंढ्यांवरून दोन फेऱ्या जास्तीच्या घ्या, ती म्हणाली.

पवनीत मेकॅनिकनं हात वर केले. सामान आलं नाही, उद्या या. आता आला का प्रश्न? रिकाम्या हातानं परतायचं, आणि मंगेशनं नेमकं तिथंच धरलं. गाडीची चावी बापापुढं केली. चावीही कसली, नुसता काळा बदाम. भैयाजी नको नको म्हणत होता, पण पानठेल्यावर ओळखीची माणसं पाहत होती, आणि एवढ्या माणसांसमोर पोराच्या गाडीला भ्यायचं म्हणजे जरा जास्तच होतं. बसला बापडा.

काय सांगावी त्याची दशा! डाव्या पायाला काम नाही, डाव्या हाताला काम नाही. दोन्ही आपापल्या जागी बेरोजगार होऊन थरथरत होते. इंजिन बोलत नव्हतं, त्यामुळं गाडी चालू आहे की बंद, हे कळायला झाडांकडं पाहावं लागत होतं. समोरच्या पडद्यावर रस्त्यावरची माणसं, मोटारसायकली बाहुल्यांसारख्या उमटत होत्या. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, गाडी जरा पांढऱ्या पट्ट्याकडं गेली की स्टिअरिंग आपोआप वळायचं. आपल्या हाताखाली दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे असं त्याला वाटलं. त्यानं दोनदा खाली वाकून पाहिलंसुद्धा.

वाटेत एक शेळी आडवी आली. भैयाजीचा पाय ब्रेककडं निघाला होता, पण तो पोचायच्या आत गाडी किंचाळली आणि स्वतःच थांबली. शेळी निवांत पलीकडं गेली. भैयाजीच्या मानेवरून घाम उतरला. आपल्याआधी दुसऱ्या कोणीतरी आपला ब्रेक दाबला, ही गोष्ट त्याला काही केल्या गिळवेना. मंगेशनं समजावलं, तिला वाटलं तुम्ही दाबणार नाही, म्हणून तिनं दाबला. कधीकधी ती उगाचच थांबते, झुडपाला, सावलीला. तसं झालं तर एक्सलेटर जोरात दाबायचा, मग ती तुमचंच ऐकते. शेवटी मालक माणूसच आहे बाबा. एवढ्या बोलण्यानं भैयाजीला जरा धीर आला, आणि ते त्यानं मनात पक्कं धरून ठेवलं.

नहराचा पूल आला. पूल उतरला की पुढं सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावर त्याच्या घरचं धान पिवळंधम्मक पसरलेलं. सकाळपासून पहिल्यांदा भैयाजीच्या छातीवरचा दगड उतरला. इथं त्याला सगळं माहीत होतं. त्यानं उषाबाई दिसते का पाहिलं. आंब्याखाली नव्हती. बांधावर नव्हती. ती नेहमी पोतं अंथरून बसायची, ते पोतंही दिसलं नाही. ताप चढला असेल, घरी गेली असेल, चांगलं झालं, असं त्याला वाटलं.

मंगेश म्हणाला, बाबा, कडेनं घ्या. भैयाजीला हसू आलं.

"कडेनं कायले? घरचं धान आहे. तुझी गाडी एवढ्या तरी कामात येऊ दे."

आणि त्यानं गाडी पेंढ्यांवर घातली. चाकाखाली पेंढ्या मोडल्याचा बारीक, कुरकुरता आवाज त्याच्या कानावर आला. आयुष्यभर तो पेंढ्यांवरून गाडी चालवत आला होता, पण हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. जीपच्या धडधडाटात तो ऐकू येण्याची सोयच नव्हती. त्याला मोठं नवल वाटलं.

तेवढ्यात गाडी पुन्हा किंचाळली. पडदा लाल झाला, सीटचा पट्टा छातीत रुतला, आणि गाडी तणसाच्या एका उंचवट्यापुढं गच्च थांबली.

समोर काही नव्हतं. शेळी नाही, माणूस नाही, नुसतं तणस. भैयाजीचा सकाळपासूनचा सगळा राग एकदम वर आला. शेळीसमोर थांबली, ठीक आहे. पण धानासमोर? ज्या जागी तो जन्मात कधी भ्यायला नाही, त्या जागी ही त्याला अडवणार?

"भेव नाई म्हणत होता ना रे," तो मंगेशला म्हणाला. "पाह्य, तनसाले भेली तुझी गाडी."

मंगेश काही बोलायच्या आत भैयाजीला ते धरून ठेवलेलं बोलणं आठवलं. जोरात दाबायचं, मग ती तुमचं ऐकते. त्यानं उजवा पाय एक्सलेटरवर ठेवला आणि दाबला. गाडीनं क्षणभर धरून ठेवलं. मग तिनं ऐकलं. हातभर पुढं सरकली.

तणस हललं. त्यातून एक हात बाहेर आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या, दिवाळीला भैयाजीनंच पवनीच्या बाजारातून आणलेल्या.

पाय त्यानं उचलला की तो गळून पडला, हे त्यालाच माहीत नाही. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक आणि ती बांगडी यांच्यात एक पेंढीही मावली नसती. आतून उषाबाई उठून बसली, केसात तणस, डोळे तापानं तांबारलेले, अंगाभोवती पोतं. थंडी वाजून तिला इतकं हिव भरलं होतं की ती उन्हानं तापलेल्या डांबरावर आडवी झाली होती, आणि वरून पेंढ्या ओढून घेतल्या होत्या. खालून रस्त्याची ऊब, वरून तणसाची. भीती कसली? जीप येणार, आणि जीप पुलावर आली की आवाज येणारच. त्या आवाजाला ती जन्मभर उठत आली होती. आज आवाज आलाच नाही.

तिनं आधी गाडी पाहिली. मग काचेतून नवरा पाहिला. बराच वेळ पाहत राहिली. मंगेश दार उघडून धावला, माय माय करत तिला उचलायला लागला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडं बोट केलं.

"तुहे बाबा होते म्हणून वाचली रे मी," ती म्हणाली. "या गाडीच्या भरोशावर असती तं आज मेलीच होती."

मंगेशनं तिच्या केसातलं तणस काढलं. बापाकडं त्यानं पाहिलं नाही. भैयाजीला खाली उतरता येत नव्हतं. त्याचे दात वाजत होते, जसा काही ताप त्यालाच आला होता. गाडी थांबली नसती तर, आणि तिनं थोडं लवकर ऐकलं असतं तर. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात आलटून पालटून येत होत्या, आणि दोन्हींच्या शेवटी त्या बांगड्या होत्या.

मागच्या सीटवर उषाबाईचं डोकं मांडीवर घेऊन तो कोंढ्याच्या डॉक्टरकडं गेला. गाडी मंगेशनं चालवली. पेंढ्यांच्या कडेनं, चाक शेतात उतरवून. सुईनं ताप उतरला. दुसऱ्या दिवशी मंडईत बाई अर्धवट बरी होऊन हजर, आणि जो भेटेल त्याला तीच गोष्ट. आमच्या यांची नजर पाहा, तनसातलं माणूस ओळखलं, गाडी जागच्या जागी उभी केली. लोक भैयाजीच्या पाठीवर थाप मारत होते. भित्रा म्हणून हसणारे म्हणत होते, बाबा, तुझ्या भेवानं वाचवलं. प्रत्येक थापेसरशी भैयाजी थोडा आणखी खाली वाकत होता. मंगेश लांब उभा राहून भजी खात होता.

आणि आता त्याच्या डोळ्यांपुढं तोंड नसलेल्या गाड्या येत नव्हत्या. जुन्या पेंढ्या येत होत्या. एवढ्या वर्षांत किती ढिगांवरून तो गेला असेल? किती वेळा न वाकता, न पाहता? तसं काही झालेलं नाही, हे त्याला माहीत होतं. झालं असतं तर गाव गप्प बसलं असतं का? पण त्या जीपमध्ये चाकाखालचा आवाज ऐकू येत नव्हता, हेही त्याला आता माहीत झालं होतं. भाजी चिरणाऱ्या रीनाशेजारी बसल्या बसल्या तो एकदम शहारायचा, आणि तिला वाटायचं, सासऱ्यांनाही हिवताप आला.

जीप दुरुस्त होऊन आली. भैयाजीनं ती बाहेर काढली, पण पहिल्याच फेरीला रस्त्यावर पेंढ्या दिसताच थांबवली. उतरला. काठीनं नाही, हातानं एकेक पेंढी उचलून पाहिली. गाडीतले पॅसेंजर बोंबलायला लागले, धानाची मालकीण कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. म्हणाली, का जी भैयाजी, आता तनसालेबी भेता का? होय, तो म्हणाला, आणि गाडी कडेनं काढून घेऊन गेला.

मंगेश परत जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर पुन्हा लॅपटॉप उघडून बसला होता. बापाला बोलवायची त्याची हिंमत नव्हती. भैयाजी आपणहून आला, चष्मा लावला, आणि त्या भोपळ्यासारख्या गाडीकडं कितीतरी वेळ पाहत राहिला. उषाबाई शेजारी सुपात त्याच वासाच्या धानाचे तांदूळ पाखडत होती.

"यात बसणाऱ्याले पायानं दाबाले काही ठेवलं का?" त्यानं विचारलं.

"नाई बाबा. काहीच नाई."

"बरं केलं," भैयाजी म्हणाला.

सूप थांबलं. उषाबाईनं मान वर केली. मंगेश पडद्याकडं पाहत राहिला. भैयाजीनं चष्मा काढून हातात धरला, आणि इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर काढलं.

"मी नाई वाचवलं वो तुले. गाडी थांबली होती. मी तं दाबत होतो."

उषाबाईनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "काचातून तुमचं तोंड दिसलं ना. वाचवणाऱ्याचं तोंड तसं नसते."

भैयाजी तिच्याकडं पाहतच राहिला. "मंग लोकायले तसं काहून सांगत सुटली?"

"मंग का सांगू? तुमाले याच रस्त्यावर राहायचं आहे. लेकरंबाळं तुमच्याच गाडीत बसतात. त्या गाडीले काय, नाव असलं का, नसलं का, सारखंच."

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा उचललं आणि तांदूळ पाखडायला लागली. भैयाजीनं उजव्या पायावर हात दाबून धरला, आणि तिचं पाखडणं होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.